मागचं दिसावं म्हणून

ड्रिल हातात घेण्याआधी व्हर्लिननं टोपी काढली आणि शिडीच्या वरच्या पायरीवर ठेवली. प्रार्थनेआधी काढतो तशी. मी खाली, त्याच्या ट्रेलरला, म्हणजे ट्रकमागे ओढायच्या चाकांवरच्या घराला, टेकवलेली शिडी धरून उभा होतो. हसू आलं, पण आवरलं.

"अरे, भिंतीला भोक पाडायचंय, तिला बाप्तिस्मा नाही द्यायचाय," ओमा अंगणातल्या खुर्चीतून म्हणाली.

"तू गप्प बस गं. एकोणतीस वर्षांत या ट्रेलरला मी कुणाला एक खिळा मारू दिलेला नाही."

"मला सांगतोस? कॅलेंडरसुद्धा मी आत चिकटपट्टीनं लावलंय. वर्ष संपायच्या आत पडतं."

व्हर्लिन फ्यूगेट आणि त्याची बायको ओमा माझे शेजारी. आम्ही तिघंही केंटकीच्या डोंगरातले. कोळशाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा उत्तरेला डेटन शहरात आलो, कारखान्यांच्या आसऱ्यानं राहिलो आणि इथंच म्हातारे झालो. व्हर्लिननं चौतीस वर्षं फ्रिजच्या कारखान्यात दारांच्या फटी बुजवल्या. मी, एल्झी स्टेसी, शाळेच्या बसगाड्यांच्या वायरी जोडल्या. गावची घरं गेली, मका गेला, पण गावचं चर्च तेवढं आम्ही सोबत आणलं.

आमच्याकडे प्रवचन गातात. वाद्य नाही, पाठ केलेलं काही नाही. म्हातारा उपदेशक उभा राहतो आणि आधी साध्या बोलण्यात माफी मागतो, की मी अडाणी माणूस आहे, देवानं दिलं तर बोलेन, नाही दिलं तर बसेन. मग बोलता बोलता कुठंतरी त्याचा आवाज जमीन सोडतो. शब्द सुरात येतात, प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास खाली आपटतो, बाकांवरून बाया रडत उठतात आणि एकमेकींचे हात धरतात. मी आयुष्यात जे काही थोडं चांगलं वागलो असेन ते त्या सुरांच्या भीतीनं आणि ओढीनं. पण सूर लागतोच असं नाही. न लागला तर उपदेशक तसं सांगून खाली बसतो, आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही.

ओमाचा थोरला भाऊ टिल्डन हा अशा गाणाऱ्यांतला शेवटचा मोठा. एक्क्याऐंशी वर्षांचा. दर वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीजवळ, पत्र्याच्या मांडवात, मेलेल्यांची स्मरणसभा भरते आणि टिल्डन शेवटी उभा राहतो. यंदा मे महिन्यात त्याच्या घशात गाठ निघाली. सप्टेंबरात डॉक्टर त्याचा आवाजच काढून घेणार होते. त्यानं बहिणीला फोन केला होता.

"ओमा, या खेपेला नक्की ये. तू पुढच्या बाकावर बस, म्हणजे मला सूर कुठं ठेवायचा ते कळेल."

एवढंच बोलला. ओमानं ते मला शंभरदा तरी सांगितलं असेल.

पण फेब्रुवारीत तिला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथंच राहायचा. आधाराशिवाय दोन पावलं टाकता येत नव्हती. तासाभरापेक्षा जास्त बसवत नव्हतं, आडवं व्हावं लागायचं. आणि बाकीचं जे असतं, ते सगळं व्हर्लिन करायचा, दार लावून. पाच तासांचा रस्ता ट्रेलरशिवाय शक्य नव्हता. आत तिचा पलंग होता, तिची मोरी होती, तिचं दार होतं.

ट्रेलर गावी न्यायचा तर आणखी एक अडचण होती. ओमाचं माहेर एका घळीत आहे, दफनभूमीही तिथंच. घर पुरात गेलं, सपाट जागा तेवढी उरली. तिथं जायला ओढ्याच्या कडेची एकच वाट, आणि वर वळायला जागा नाही. म्हणून खालच्या पुलापासूनच ट्रेलर उलटा घेत दोन फर्लांग जावं लागतं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला ओढा. इतकी वर्षं ओमा मागे उभी राहायची आणि हातांनी सांगायची. दोन्ही हात वर, ये. एक हात आडवा, तिकडे वळव. दोन मुठी एकमेकींवर फुली मारून, थांब. ट्रेलर उभे करायच्या कॅम्पात नवराबायको ट्रेलर मागे घ्यायला लागले की लोक खुर्च्या टाकून तमाशा बघायला बसतात, इतकी भांडणं होतात. या दोघांचा तमाशा कधी झाला नाही. व्हर्लिनला आरशात तिचे हात दिसायचे आणि तेवढ्यावर तो गाडी हलवायचा. हात दिसेनासे झाले की थांबायचा. एकदा तिला ताप होता म्हणून पुतण्यानं हात केले, तर एक चाक ओढ्यात उतरलं. त्या दिवसापासून दुसऱ्या कुणाच्या हातांवर त्याचा विश्वास नव्हता.

म्हणून हा कॅमेरा. बिनवायरीचा म्हणतात, पण कॅमेऱ्याला वीज लागतेच. ती ट्रेलरच्या मागच्या उंच दिव्यातून घ्यायची. चित्र तेवढं हवेतून पुढं ट्रकमध्ये येतं, चालकासमोरच्या छोट्या पडद्यावर.

त्या सकाळी आधी वायरी जोडून बघितल्या. मधल्या दिव्याचं झाकण काढलं तर आतल्या वायरींवर हिरवं चढलेलं. पाण्याची खूण. पण जुन्या गाडीत असतंच, म्हणून मी घासून साफ केलं आणि बोललो नाही. व्हर्लिन शिडीवर कॅमेरा हातात धरून उभा राहिला आणि मी ट्रकमध्ये जाऊन बसलो.

"दिसतंय का?"

"काळोख."

"आता?"

"आताही काळोख. तू त्याच्यावर बोट ठेवलंयस का?"

"मी काय पोर आहे का रे?"

"म्हातारे कामाला लागले," ओमा म्हणाली. "एकाला दिसत नाही, दुसऱ्याला ऐकू येत नाही. मला बांधा त्या छपरावर, मी ओरडत राहीन."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते दिवे ट्रकचे पुढचे दिवे लावल्याशिवाय लागतच नाहीत. भर उन्हात मी दिवे लावले आणि पडदा उजळला. त्यात कुंपण, हायड्रेंजियाची झुडपं, आणि मधोमध खुर्चीत ओमा. तिनं डावा हात हलवला.

"दिसतेय!" मी ओरडलो. "ओमा, पडद्यावर तू बारीक दिसतेस!"

"मग मी तिथंच राहते."

व्हर्लिन शिडीवरूनच हसला. त्या वर्षात मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच.

मग टोपी काढून त्यानं ड्रिल लावलं. चार भोकं पाडायची होती. पहिलंच भोक पाडताना ड्रिल किंचाळलं नाही. पत्रा ओलांडला आणि आत सरळ मुठीपर्यंत गेलं, दुधात भिजलेल्या पावात बोट जावं तसं. व्हर्लिन पुढं कोलमडला. मी शिडी घट्ट धरली.

त्यानं ड्रिल बाहेर काढलं. टोकाला लाकडाचा भुसा नव्हता. काळा, ओला लगदा होता, चहाच्या चोथ्यासारखा. भोकातून पाण्याची एक बारीक धार निघाली आणि पांढऱ्या पत्र्यावरून तपकिरी रेघ ओढत खाली आली. तीन दिवसांत पाऊस नव्हता.

व्हर्लिननं दुसरं भोक हातभर अंतरावर पाडलं. तेच. तिसरं दुसऱ्या कोपऱ्यात. तेच. मग त्यानं तळवा भिंतीला लावला आणि दाबला. भिंत आत गेली आणि हात काढल्यावरही तशीच राहिली.

"काय झालं रे?" ओमानं विचारलं.

"काही नाही. स्क्रू आखूड आहेत." मग खाली वाकून हळूच मला म्हणाला, "एल्झी, तिच्यासमोर काही बोलू नकोस."

आम्ही दोघं आत गेलो. मागच्या भिंतीला लागूनच ओमाचा पलंग. त्याच्या डोक्याकडची पातळ फळी मी पेचकसानं सैल केली तर ती हातातच आली. आत लाकडाची चौकट असायला हवी होती. तिथं काळी माती होती. छपराचा शेवटचा वासा बोटांनी कुस्करला गेला. कोपऱ्यातली जमीन पाय ठेवल्यावर दबत होती.

व्हर्लिन पलंगाच्या कडेवर बसला.

"मी दर वसंतात बुजवत होतो," तो म्हणाला. "ईस्टरच्या आधी. एक वर्ष चुकवलं नाही. एकेका फटीवरून बोट फिरवलंय मी."

"कशानं बुजवलंस?"

"कशानं म्हणजे? सिलिकॉननं. चौतीस वर्षं तेच तर केलं."

त्याला तोंडावर सांगायला हवं होतं का, ते मला अजून कळलेलं नाही. फ्रिजचं दार जागचं हलत नाही. ट्रेलरचं छप्पर रस्त्यावर पावलापावलाला पिळवटतं, आणि सिलिकॉन त्याला सोडून देतं. वरून चकचकीत दिसतं, खालून पाणी जातं. पुढच्या वर्षी त्याच्यावर दुसरा थर दिला तर तोही धरत नाही, कारण सिलिकॉनवर काहीच चिकटत नाही, सिलिकॉनसुद्धा नाही. छपराचं मलम वेगळं असतं. कॅम्पातलं कुणीही सांगितलं असतं. पण व्हर्लिनला फटी बुजवायला कोण शिकवणार? आम्हीच आमच्या दारांना, खिडक्यांना त्यालाच बोलवायचो.

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला समजलं.

"म्हणजे मीच," तो म्हणाला.

"व्हर्लिन..."

"दर वर्षी एकेक थर. मीच पाणी आत कोंडलं."

थोड्या वेळानं तो उठला. "बाहेरून जाड फळी लावू. आरपार बोल्ट. बारा दिवस आहेत अजून."

"बोल्ट कशाला धरणार? आत लाकूडच नाही. ही भिंत छपराला धरून नाहीये रे, पत्र्याच्या ताणावर उभी आहे. महामार्गावर सुटली तर मागच्या गाडीवर जाईल. आणि आत ओमा असेल."

"मग चौकट बदलू. तू आणि मी."

"तीन महिन्यांचं काम आहे. तेही हात धड असले तर."

त्यानं आपले हात बघितले. बोटं सांध्यांत वाकडी झालेली.

मी माझ्याकडून सगळं सांगून बघितलं. चर्चमधल्या दोघांकडे ट्रेलर होते. एकानं गेल्या वर्षी विकलेला, दुसऱ्याचा पस्तीस फुटांचा, त्या वाटेत शिरणारच नाही. माझ्या व्हॅनमध्ये गादी टाकू म्हणालो. व्हर्लिन फक्त मान हलवत राहिला.

बाहेर आलो तर ओमानं खुर्चीतूनच विचारलं, "किती कुजलंय?"

व्हर्लिननं शिडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली.

"अरे बोला की. तोंडं बघून कळतंय. मेलेल्याच्या घरातून निघाल्यासारखे बाहेर आलात."

"तुला कसं कळलं?" व्हर्लिननं विचारलं.

"मला तीन वर्षांपासून माहितीये."

व्हर्लिन जागीच उभा राहिला.

"घळीत पाऊस पडला की माझी उशी ओली व्हायची," ओमा म्हणाली. "एका कोपऱ्यात. आधी वाटलं घाम असेल. मग वास यायला लागला. तू उठायच्या आत मी उशी बाहेर उन्हात टाकायचे आणि वर टॉवेल घालायचे. तू विचारलंस एकदा, तर म्हटलं, केस धुतलेत."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू ट्रेलर अंगणात उभा केला असतास. भिंत उघडून बसला असतास, सगळं नीट होईपर्यंत हलू दिलं नसतंस. मी ओळखत नाही का तुला? एक ऑगस्ट गेला असता, कदाचित दोन. आणि मला एकही चुकवायचा नव्हता."

"तेव्हा कोपराच गेला असेल," व्हर्लिन म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "एक कोपरा, ओमा. दोन फळ्यांचं काम. तेव्हा तुझा हात चालत होता. माझेही चालत होते."

ओमानं खाली बघितलं. डाव्या हातानं उजवा हात उचलला, पुन्हा मांडीवर नीट ठेवला. मी हायड्रेंजियाकडे बघत उभा राहिलो. देवा, मला इथून उचल, असं मनात म्हणालो. त्यानं उचललं नाही.

मग मी व्हॅनचं बोललो. गादी, उशा, दर तासाला थांबू, आणि तिथं टिल्डनच्या मुलीकडे दोन खोल्या आहेत.

"टिल्डनच्या मुलीकडे अकरा माणसं असतील त्या दिवशी," ओमा म्हणाली. "मला रात्री दोनदा कुशीवर वळवावं लागतं, एल्झी. धुवावं लागतं. ते त्या अकरा जणांमध्ये? टिल्डन पलीकडच्या खोलीत असताना? मी त्याला हाताला धरून ओढा ओलांडवलाय, तो थोरला असून पाण्याला घाबरायचा म्हणून." ती थांबली. "मी जाणार नाही. उगाच विचारत बसू नका."

व्हर्लिननं विचारलं नाही. मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच उत्तर. फोनवर ऐकवावं म्हटलं तर त्या घळीत मोबाइल लागत नाही, आणि टिल्डन प्रवचनाजवळ यंत्र येऊ देत नाही. तो म्हणतो, देवाचं ते देवानं न्यावं, डबीत भरून ठेवू नये. मीही आयुष्यभर तेच म्हणत आलो. त्या आठवड्यात मला पहिल्यांदा वाटलं, डबीत भरलं असतं तर काय बिघडलं असतं.

कॅमेरा मात्र व्हर्लिननं लावला. दुसऱ्याच दिवशी, एकट्यानं. कडेला लोखंडी पट्टी होती, तिला. चारही स्क्रू घट्ट. पहिली तीन भोकं बुजवली, या वेळी खरं मलम आणून. का लावला ते मी विचारलं नाही. ट्रेलर ट्रकला जोडलेलाच राहिला, वायरींसकट. संध्याकाळी कामावरून यावं तसा तो ट्रकमध्ये जाऊन बसायचा आणि दिवे लावायचा. ओमा मागे खुर्चीत. त्या दिवसापासून ती दोघं समोरासमोर फारशी बोलत नव्हती.

शुक्रवारी ओमानं मला हाक मारली.

"एल्झी, तू जा. माझ्या जागी बस. पुढच्या बाकावर. नीट ऐक आणि येऊन मला सांग."

मी गेलो. घळीत धुकं होतं, मग ऊन पडलं. मांडवात दीडशे माणसं असतील. आधी तीन उपदेशक गायले. मग टिल्डन उठला. मान एका बाजूला सुजलेली, गळ्याचं बटण उघडं. त्यानं पुढच्या बाकावर नजर टाकली. मला बघितलं. माझ्या दोन्ही बाजूंना बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे, जणू मी कुणाच्या तरी अंगावर बसलोय.

त्यानं साध्या बोलण्यात सुरुवात केली. मी अडाणी माणूस आहे म्हणाला. देवानं दिलं तर बोलेन म्हणाला. बाया रुमाल काढून तयार होत्या. तो बोलत राहिला. सूर दोनदा उचलायला बघितला, दोनदा तो जमिनीवरच राहिला, जखमी पाखरासारखा फडफडत. मी मनात म्हणत होतो, देवा, दे, आज तरी दे, पुढं कधीच देता येणार नाही. कुणीतरी मागून त्याला आधार म्हणून हुंकार भरला. मग टिल्डन थांबला, रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "भावांनो, आज मला मिळत नाहीये. मी बसतो."

आणि बसला. कुणी नावं ठेवली नाहीत.

निघताना त्यानं माझा हात हातात धरला. ओमाबद्दल विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? भिंत कुजली, एवढंच.

पाच तास गाडी चालवत मी एकच विचार करत होतो, तिला काय सांगायचं. आमच्यात चर्चमधल्या बहिणीशी खोटं बोलणं म्हणजे साधी गोष्ट नाही. पण डेटनच्या पहिल्या सिग्नलपाशी माझं ठरलं होतं.

ऊन कलायला आलं होतं. ट्रेलर तिथंच, ट्रक तिथंच, पुढचे दिवे लागलेले. व्हर्लिन आत बसलेला. ओमा ट्रेलरच्या मागे खुर्चीत, केस विंचरलेले, अंगावर सभेचा निळा पोशाख. पहाटेपासून, मध्ये मध्ये आडवी होऊन, पुन्हा पुन्हा तिथंच येऊन बसत असावी.

"आलास? ये. गायला का?"

"गायला," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत होती.

"कसा?"

"आधी हळू. मग त्यानं तुझं नाव घेतलं, आणि तिथून आवाज जो वर गेला, ओमा, पत्र्याच्या वर, झाडांच्या वर. बाया उभ्या राहिल्या. पलीकडच्या डोंगरावरून परत येत होता. मी इतकी वर्षं ऐकतोय, पण असा—"

ओमानं डाव्या हातानं उजवा हात मनगटाला धरून उचलला. छातीशी आणला. आणि त्या निर्जीव मनगटावर डावी मूठ आडवी ठेवली. फुली.

मी थांबलो.

त्याच क्षणी ट्रेलरच्या मागचे दोन्ही तांबडे दिवे लागले. आत, ट्रकमध्ये, पडद्यावर तिचे हात बघून व्हर्लिननं ब्रेक दाबला होता.

दोन आठवडे ती गाडी हलली नव्हती. तरी त्यानं पाय काढला नाही. आम्ही तिघं तसेच होतो, आणि ओमाच्या निळ्या पोशाखावर तो तांबडा उजेड कितीतरी वेळ पडून राहिला.